टोकन नंबर एक

लिफ्टवाल्यांच्या पायाला भिंगरी आहे असं म्हटलं, तर भिंगरीलाच राग येईल. ती निदान दमून पडते तरी. जन्मभर हा माणूस उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडला, निवृत्त झाला, आणि आता घरात दोन घटका टेकेल असं बायकोला वाटेपर्यंत चर्चच्या सुरक्षा पथकाचा प्रमुख होऊन दारात उभा राहिला.

पथक म्हणजे काय, तर मागच्या दाराशी बेकरीवाला, पुढच्या दाराशी शिंपीणबाई, आणि तीन वॉकीटॉकी, त्यातला एक मुका. पगार कुणालाच नाही. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले की यांनी उघडे ठेवायचे, हे काम. लिफ्टवाल्यांनी दोघांना पढवून ठेवलं होतं, "ओळखीच्या तोंडांवर वेळ घालवायचा नाही. नजर अनोळखी माणसावर. दोर तुटेपर्यंत सगळ्यांनाच भक्कम वाटतो."

त्यांची बायको डावीकडच्या बाकावर बसायची आणि शेजारी शाल ठेवून नवऱ्याची जागा धरायची. उपासना संपली की शालीची घडी करून घरी न्यायची. लग्नाचा नवरा दारात आणि शेजारी शाल, असा तिचा संसार चर्चमध्ये चालला होता. तिने कुरकुर केली नाही असं नाही. पण ऐकणाऱ्याचे कान वॉकीटॉकीला चिकटलेले.

मध्यंतरी एका बाकाखाली बेवारस पिशवी सापडली. सगळं चर्च रस्त्यावर आलं. आत निघाली एक छत्री आणि बाथरूमच्या चपला. लोक हसले, पण लिफ्टवाल्यांची झोप उडाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. यांनी पाणीसुद्धा फुंकायला घेतलं. नियम निघाला: पुढच्या रविवारपासून सगळ्या पिशव्या आणि पर्सा दाराशी टेबलावर ठेवायच्या, टोकन घ्यायचं, मगच आत जायचं.

त्या रविवारी सकाळी बायकोने साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घेतलं आणि ताट वाढून घेतलं. लिफ्टवाले दारात किल्ल्या खुळखुळवत उभे.

"दोन घास तरी खाऊ द्या. इंजेक्शन घेतलंय मी."

"पर्समध्ये गोड गोळ्या आहेत ना? चल. आज नियमाचा पहिला दिवस."

ताट झाकून ती उठली. चपला घालता घालता म्हणाली, "आज जरा शेजारी बसाल? बरं वाटत नाहीये."

"आजच? पुढच्या रविवारी नक्की."

टेबलापाशी लोक अडून बसले होते. एक म्हातारी म्हणाली, पर्समध्ये माझे दात आहेत, ते ठेवून स्तोत्रं म्हणू कशी? शिंपीणबाई घामाघूम झाली. लिफ्टवाल्यांनी वळून बायकोच्या खांद्यावरची पर्स काढली आणि टेबलावर ठेवली. "घरापासून सुरुवात. लिही, नंबर एक."

"अहो, त्यात माझ्या..."

"थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग टोकन मुठीत घेऊन आत गेली. तिच्या पाठोपाठ म्हातारीनेही दात काढून घेऊन पर्स दिली. लिफ्टवाल्यांना धन्य वाटलं.

उपासना सुरू झाली तसा त्यांना एक माणूस दिसला. अंगात जाड कोट, कधी न पाहिलेला, बरोबर त्यांच्या बायकोच्या मागच्या बाकावर. सारखा पुढे वाकत होता, मान तिरकी करून काहीतरी बघत होता. लिफ्टवाल्यांचा जीव टांगणीला लागला. ते या खांबापाशी गेले, त्या खांबापाशी आले. बेकरीवाल्याला कळवलं, "कोटवाला. त्याच्यावरची नजर हलवलीस तर याद राख."

प्रार्थना लागली. माना खाली गेल्या. लिफ्टवाल्यांची नजर कोटवाल्यावरून निघून सगळीकडे फिरली, वाटेत बायकोच्या डोक्यावरूनही गेली. जरा जास्तच खाली झुकलं होतं ते. पण ओळखीचं डोकं. नजर पुढे गेली.

कोटवाला उठला. लिफ्टवाल्यांनी आणि बेकरीवाल्याने धावत जाऊन त्याचा दंड धरला. "मुकाट्याने बाहेर चला."

"माझं राहू द्या हो," तो म्हणाला, "त्या बाईंकडे बघा आधी."

लिफ्टवाल्यांनी बघितलं. बायकोच्या कपाळावरून घाम निथळत होता, ओठ थरथरत होते. ते खाली बसले, तिचा चेहरा हातात धरला. तिने डोळे वर केले.

"कोण तुम्ही?" ती म्हणाली.

साखर उतरली की असं होऊ शकतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे तिने त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते टेबलाकडे धावले.

"पर्स दे. एक नंबर."

"टोकन?" शिंपीणबाईने हात पुढे केला. आत काय झालंय हे तिला बिचारीला कुठून कळणार? "तुम्हीच सांगितलंय, खुद्द पाळक आले तरी टोकनशिवाय द्यायची नाही."

लिफ्टवाल्यांनी ढिगातच हात घातला. पहिली आलेली पर्स सगळ्यात तळाशी. पिशव्या खाली कोसळल्या, कुणाचे डबे उघडले, प्रार्थना थांबली. गोळ्यांची पुडी घेऊन ते आत पळाले, तोवर कोटवाल्याने चहाच्या खोलीतून साखर आणून पाण्यात कालवली होती आणि तो बायकोला घोट घोट पाजत होता.

"माझ्या आईचं असंच व्हायचं," तो म्हणाला. "मघापासून बघतोय. यांच्याबरोबर कुणी नाही का?"

पुडी हातात तशीच राहिली. लिफ्टवाले बाकावर बसले, त्या शालीवरच.

हळूहळू बायकोच्या डोळ्यांत ओळख आली. "किती गोंधळ घातलात," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी टेबल गेलं होतं. लिफ्टवाल्यांचा वॉकीटॉकी बेकरीवाल्याकडे होता. बायको पोटभर खाऊन आली होती, पर्स तिच्या मांडीवर, शाल तिच्या खांद्यावर. आणि शेजारी लिफ्टवाले. सारखे चुळबुळ करत होते, बाक करकरत होता, पुढच्या बाकावरच्यांनी दोनदा वळून बघितलं.

प्रार्थना लागली. मिटल्या डोळ्यांनीच बायको कुजबुजली, "दाराकडे बघताय ना?"

"नाही."

तिने एक डोळा किलकिला करून खात्री केली. ते तिच्या कपाळाकडे बघत होते, घाम फुटतोय का ते.

"मिटा आता," ती म्हणाली. "मी बरी आहे."

त्यांनी मिटले. लगेच उघडले. मग तिची नाडी बोटांना लागेल असं तिचं मनगट धरलं आणि पुन्हा मिटले.