राजीनामा न देणाऱ्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं मनापासून रागावणारं माणूस अख्ख्या नागपुरात दुसरं नसेल. बाकीचे लोक कामातून वेळ काढून रागावतात. जाऊबाई रागातून वेळ काढून कामं करतात. सकाळी अंघोळ करून, टिकली लावून, चहाचा पहिला घोट घेतला की त्या मोकळ्या. वर्तमानपत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, समोरच्यांनी पाण्याचा पाइप अंगणात वाहता सोडला, टीव्हीवरचा माणूस हवामान सांगताना उगीच हसला, कशावरही त्या पेटतात. एकदा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावापुढे त्याची पदवी होती आणि मुलीच्या नावापुढे काहीच नव्हतं. जाऊबाई लग्नाला गेल्या, थेट स्टेजवर चढल्या, नवरीला विचारलं, "तू काय शिकली वं?" ती बिचारी लाजून एम.एस्सी. म्हणाली. जाऊबाईंनी पर्समधून पेन काढून आहेराच्या पाकिटावर तिच्या नावापुढे ते ठळक अक्षरात लिहिलं आणि मगच पाकीट तिच्या हातात दिलं. फोटोग्राफर खोळंबला म्हणून त्यालाही दोन शब्द ऐकवले.

मी या घरात नवीन आले तेव्हा त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला ताप आला आणि मी तो लपवून पोळ्या लाटत बसले. जाऊबाईंनी माझा हात धरला तो लाटण्यासकट. "ताप आहे तं सांगाले तोंड नाही का? मरशीन तेव्हा सांगशीन काय?" असं ओरडत त्यांनी मला गादीवर नेऊन आपटलं, आणि दोन दिवस माझ्या उशाशी बसून, माझ्यावर सतत रागावत, मला पेज पाजली. तेव्हा मला या बाईचा उलगडा झाला. ज्यांच्याशी त्यांना काही घेणंदेणं नसतं त्यांच्याशी त्या फार गोड बोलतात.

धंतोलीतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात त्या टेलिफोन आणि चौकशीच्या काउंटरवर होत्या. ते हॉस्पिटल दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून. पुढं त्याचे मजले चढत गेले, काचा लागल्या, लिफ्ट आली, पण खाली काउंटरवर आवाज यांचाच. काटोल-नरखेडकडून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं बिचकत दारात उभी राहिली की जाऊबाई आतूनच गरजत, "उपाशीपोटी या म्हटलं होतं नं? मग स्टँडवर पोहे काहून खाल्ले?" माणूस चकित होई की हिला कसं कळलं. त्याच्या मिशीला शेव लागलेली असे. नरखेडकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदारानं औषध मधेच सोडलं, तर यांनी त्याच्या सुनेला फोन करून त्याची अशी खरडपट्टी काढली की तो पुढच्या खेपेला संत्र्यांची पिशवी घेऊन हजर. त्यावरही या भडकल्या. मोठे डॉक्टरसुद्धा राउंडला उशीर झाला की मागच्या दारानं येत.

मग मूळ डॉक्टर थकले आणि कारभार नव्या लोकांच्या हाती गेला. कोट घातलेली तरुण मंडळी आली. त्यांनी भिंतींना रंग दिला, कुंड्या ठेवल्या, आणि एके दिवशी सकाळी जाऊबाईंचा अंगठा हजेरीच्या मशीनवर लागेना. जाऊबाईंनी पदराला पुसून परत लावला. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. त्या मशीनवरच ओरडू लागल्या. तेव्हा गेटवरचा गार्ड जवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, मशीन बराबर हाय. तुमचं नाव काढलं. तुम्हाले आत सोडू नोको म्हून सांगतलं मले."

वर एका छोट्या खोलीत त्यांना बसवलं. कोटवाल्या अधिकाऱ्यानं समोर एक कागद सरकवला. राजीनामा तयारच होता, नुसती सही बाकी. 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने नोकरी सोडत आहे.' जाऊबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, "कोणतं वैयक्तिक कारण? मले तं माहीत नाही. तुम्हाले माहीत असन तं सांगा."

"मॅडम, ती फॉर्मॅलिटी असते. फोनला आता नवीन सिस्टिम येतेय. सही केली तर अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल."

"तुम्ही मले काढून राहिले नं? मग 'काढलं' म्हणून लिहा. माह्या तोंडून काहून वदवता?"

सही न करता त्या घरी आल्या. ऐन दुपारी त्यांना दारात पाहून मी दचकले. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. मग राग मला आला. इतका राग मला जन्मात आला नव्हता. घरकामाच्या बाईलाही आपण 'पुढच्या महिन्यापासून नको' असं आधी सांगतो. इथं जिच्या आवाजावर हॉस्पिटल उभं राहिलं तिला एका यंत्राकडून कळवलं, आणि वर 'स्वेच्छेने'! तो शब्द ज्यानं शोधला त्याला समोर उभं करून विचारावंसं वाटलं, की बाबा रे, गेटवर गार्ड ठेवून अडवलेल्या बाईची ही कुठली इच्छा?

माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, स्वभावानं अगदी शांत. संध्याकाळी ते म्हणाले, "सही करून टाकायची होती. एवढ्या मोठ्या लोकांशी कुठं भांडते?"

बस्. जाऊबाई पलंगावरून उठल्या. "काहून करू? चोरी केली मी? उद्या कोणी विचारलं तं काय सांगू, कंटाळा आला म्हणून सोडली?" माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कामगार कार्यालयात गेलो. तिथला पंखा कुरकुरत होता, बाकाचा एक पाय लंगडा होता, आणि जाऊबाईंनी शिपायाला दोन्हींबद्दल जाब विचारल्यावर आमचा नंबर लागला. अधिकारी वयस्कर बाई होत्या. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "सही केली का?"

"नाही."

"मग निम्मं काम तुम्हीच केलंत." त्यांनी आम्हाला नीट समजावलं. इतकी वर्षं सलग कारकुनी काम केलेल्या माणसाला असं उभ्याउभ्या घालवता येत नाही. कारण लिहून एक महिना आधी नोटीस द्यावी लागते, नाहीतर त्या महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई. आणि तुमचं वागणंच वाईट म्हणत असतील, तर आरोप लेखी द्यायचा, चौकशी करायची, तुमचं म्हणणं ऐकायचं. जाऊबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा तापत चालला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे सगळं त्या कोटवाल्याले माहीत होतं वं. म्हणूनच तो सही मागत होता."

जाऊबाईंनी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली होती. पहिल्या तारखेला हॉस्पिटलकडून कुणी आलंच नाही. पुढच्या वेळी कोटवाला वकिलासह आला. वकील म्हणाले, बाई स्वतःच येईनाशा झाल्या. शिवाय त्या पेशंटशी उद्धट बोलतात. मला वाटलं, आता ही खोली पेटणार. जाऊबाई उभ्या राहिल्या. "हो, बोलते. ज्याले साखर आहे त्यानं जिलबी खाल्ली तं मी ओरडते. तुमच्याजवळ एका तरी पेशंटची तक्रार असन तं दाखवा."

वकिलांनी कोटवाल्याकडे पाहिलं. कोटवाल्यानं मोबाइलमध्ये पाहिलं. तक्रार नव्हती. अधिकारीबाईंनी विचारलं, "मग चौकशी केली होती का? आणि त्या स्वतःहून येईनाशा झाल्या, तर गेटवर अडवलं कुणाला?" वकील फाइल चाळू लागले.

अखेर हॉस्पिटलवाल्यांनी तडजोड केली. नोटिशीचा पगार, भरपाई, आणि 'सेवा व्यवस्थापनाने समाप्त केली' असं शिक्क्यानिशी पत्र. कामावर परत घ्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. लढत राहिलात तर कोर्टात जाता येईल, पण वर्षं जातील, असं अधिकारीबाईंनी स्पष्ट सांगितलं. जाऊबाईंनी तडजोड घेतली आणि लगेच त्यांच्यासमोर यमुनाबाईंना उभं केलं. यमुनाबाई त्याच हॉस्पिटलात आया होत्या, आणि त्यांनी त्याच खोलीत घाबरून सही केली होती. "हिले वाचता येत नाही. हिनं राजीनामा कसा लिहिला, तेवढं विचारा त्याईले." ते प्रकरण अजून चालू आहे. दर तारखेला जाऊबाई यमुनाबाईंना रिक्षात घालून नेतात आणि 'रडू नोको, सांग नीट' म्हणून वाटभर रागावतात.

पत्र हातात पडलं त्या दिवशी आम्ही दोघी ऑटोनं घरी निघालो. मला वाटत होतं, आज जाऊबाई विजयाचं भाषण करतील. त्या पत्र मांडीवर ठेवून बाहेर बघत होत्या. ऑटोवाल्यानं धंतोलीच्या रस्त्याकडे हँडल वळवलं तशा त्या पुढं वाकल्या.

"दुसरीकडून घे गा, भाऊ."

"ताई, लांब पडन."

"पडू दे."

आवाजात राग अजिबात नव्हता. ऑटोवाल्यानं ऑटो वळवला. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मले तिथं लय करमत होतं वं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला नाही.