भेगाळलेल्या तुतीचा वाडगा

माझे सासरे कातारी. लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हा त्यांचा धंदा. पलंगाचे पाय, खुर्च्यांच्या दांड्या, जिन्याच्या कठड्यांचे खांब. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या खांबांना धरून जिना उतरतात. पण कोणी विचारलं, काय करता, तर बाबा सांगायचे, "लाकूड तासतो."

दुकान घराला लागूनच. मधे एक विटेची भिंत. भिंतीच्या पलीकडे लेथ, अलीकडे आमचं स्वयंपाकघर. लेथचा पट्टा सुरू झाला की मांडणीवरची भांडी बारीक थरथरायची. सासूबाई त्या आवाजाला इतक्या सरावल्या होत्या की लेथ बंद पडला की त्या मान वर करून विचारायच्या, "काय झालं?"

मी लग्न होऊन आले तेव्हा बाबांना माझं बोलणं ऐकू येत नसे. "ही बोलते की नुसते ओठ हलवते?" असं ते सासूबाईंना, म्हणजे आईंना, विचारायचे, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. माझा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे दोष माझ्यावर आला. दोन वर्षं मी या घरात ओरडून बोलले. माहेरी गेले की भाऊ म्हणायचा, तू भांडायला आलीस का?

बाबांचा एक नियम होता. नवं लाकूड आलं की आधी बोटाच्या पेरांनी ठोकायचं, शेजाऱ्याच्या दारावर टकटक करावी तसं. कान जवळ न्यायचा. खणखणीत वाजलं तर ठेवायचं. बद्द वाजलं म्हणजे आत भेग आहे, ते थेट सरपणात. भेगेचं लाकूड फिरवायला लागलं की फुटून अंगावर येतं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. चाळीस वर्षांत या नियमाला त्यांनी एकदाही सूट दिली नव्हती.

एका दुपारी मी कांदा चिरत होते. भिंतीपलीकडे लोखंडी शटरवर वीट आपटावी तसा आवाज झाला. आई माझ्या आधी धावल्या. बाबा लेथपाशी उभे होते, भुवईवर हात, बोटांमधून रक्त. "काही नाही, ढलपी लागली," म्हणाले. ढलपी कसली, पलंगाच्या पायाएवढा तुकडा समोरच्या भिंतीत खड्डा पाडून खाली पडला होता.

दवाखान्यात पाच टाके पडले. डोक्याला मार म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "उलटी झाली का?"

बाबा म्हणाले, "हो, पलटी झालं. लेथच्या तबकडीवरून सुटलं ना."

डॉक्टरांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि भुवई सोडून कान तपासायला घेतले. डावा जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. घरी आल्यावर आई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "दोन वर्षं तुला उगाच ओरडायला लावलं गं आम्ही."

कानाचं यंत्र आणलं. बाबांनी ते दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी खणात टाकलं. पत्र्यावरून कोणी बूट घालून चालतंय असं सारखं वाटतं, म्हणाले. आणि दुकानाचं शटर ओढलं.

माझ्या नवऱ्याने समजूत घालून पाहिली. बाबा म्हणाले, "ठोकलं होतं मी ते लाकूड. बद्दच वाजलं असणार. मला कळलं नाही. ज्याला कळत नाही त्याने पट्टा चालू करू नये."

पुढचे चार महिने बाबा घरात होते, आणि घराला ते सोसेना. त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दारं वाजेनाशी झाली, मग ते मांजरासारखे मागे येऊन उभे राहायचे आणि माझ्या हातातून पातेलं सुटायचं. कपाटांचे स्क्रू त्यांनी इतके आवळले की आईंना कपाट उघडायला मला हाक मारावी लागायची. "यांना काहीतरी मोडून द्या रे दुरुस्त करायला," आई म्हणायच्या. पण मोडलेलं एव्हाना काही उरलं नव्हतं.

अशात एके सकाळी पोस्टातल्या बाई आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पोस्टातल्या बाईच म्हणतात. त्यांच्यापुढे एक जुनी बाबागाडी होती आणि बाबागाडीत चादरीत गुंडाळलेला लाकडाचा ओंडका.

"मिस्त्री, याचा एक मोठा वाडगा करून द्या," त्या म्हणाल्या.

ते त्यांच्या अंगणातल्या तुतीचं लाकूड होतं. त्यांचे यजमान शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, आणि त्यांची खाट खिडकीशी, तुतीसमोर. पाखरं येऊन फळं कशी खातात, कोण कोणाला हुसकावतं, याची सगळी बातमी ते बाईंना रोज द्यायचे. ते गेले, आणि वर्षाच्या आत वादळात झाडही गेलं. बाईंनी एवढा एक ओंडका ओसरीवर ठेवला होता. ठेवताना टोकांना मेण वगैरे काही लावलं नाही, त्यामुळे तो वाळताना दोन्ही टोकांनी तडकला होता.

बाबांनी भेगेत नख घातलं. नख पुरतं आत गेलं. "हे होणार नाही," ते म्हणाले. "सरपण आहे हे, बाई."

"भेग मला दिसतेय की," बाई शांतपणे म्हणाल्या. "भेगेसकट करा."

बाबांना ते ऐकू गेलं नाही. आईंनी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि आत निघून गेले. बाईंनी ओंडका उचलून दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि रिकामी बाबागाडी ढकलत त्या गेल्या.

तीन दिवस ओंडका तिथेच. बाबा दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून पायरीपाशी जायचे. चौथ्या दिवशी आईंनी शटरच्या किल्ल्या काढल्या, ओंडका मांडीवर घेतला आणि त्याला पेरांनी ठोकायला सुरुवात केली.

"काय करतेस?" बाबा म्हणाले.

"ऐकतेय." आई मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "इथे पितळी भांड्यासारखं वाजतंय. इथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. ही मोठी भेग आत चार बोटं जाते, मग थांबते. ही बारीक दिसते ती मात्र लबाड आहे, खाली तिरकी वळलीय."

बाबांनी ओंडका घेतला, घरातल्या करवतीने कडेची एक चकती काढली. भेग आईंनी सांगितली तशीच तिरकी वळली होती. बाबांनी ती चकती आईंपुढे धरली.

"तुला कुठून कळतं हे?"

"चाळीस वर्षं भिंतीपलीकडे कोण बसलंय?" आई म्हणाल्या. "तुमची पटाशी बोथट झाली की मला तुमच्या आधी कळायचं. त्या दिवशी तुम्ही ते लाकूड ठोकलंत, तेही मी ऐकलं होतं. बद्द वाजलं. मला वाटलं, तुम्ही टाकून द्याल. हाक मारायला हवी होती मी."

"मला ऐकू आली नसती," बाबा म्हणाले. आणि त्यांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

मग सुरू झालं काम. शेजारच्या चावीवाल्याकडून बाबांनी पितळेचा कीस मागून आणला. दोन नळ्यांचा गोंद कालवून त्यात कीस मिसळला आणि तो मोठ्या भेगेत काडीने दाबून भरला. लबाड भेग पूर्ण कापूनच काढली, त्यात लाकूड तिसरा हिस्सा कमी झालं. दोन दिवस सुकू दिलं. मग तबकडीला स्क्रूने आवळलं, मागून टेकू दिला, पट्टा सगळ्यांत हळू चालणाऱ्या चाकावर घेतला. तोंडाला जाड काचेचा मुखवटा बांधला, आणि आईंसाठीही एक आणवला. तो घालून आई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी ओरडलेच.

प्रश्न एकच होता. लाकूड फिरताना भेग उघडली तर पटाशीखाली टकटक आवाज येतो. आईंना तो ऐकू येणार, पण बाबांना सांगायचं कसं? शेवटी आई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि पाठीवर हात ठेवला. थाप मारली की थांबायचं. या दोघांना मी कधी शेजारी शेजारी बसून चहा पिताना पाहिलं नव्हतं. मी दारातून मागे फिरले, उगाच भाजी ढवळली.

पहिल्या दिवशी सात थापा पडल्या. दर वेळी बाबा पट्टा थांबवत, भेग बघत, पुन्हा गोंद भरत. दुसऱ्या दिवशी आतून कोरताना काठाचा चांगला वीतभर तुकडा निखळला. बाबांनी पटाशी खाली ठेवली. "गेलं," म्हणाले.

आईंनी उरलेल्या लाकडाला ठोकलं. "काठ खाली घ्या. खालचं अजून चांगलं वाजतंय."

काठ खाली घेतला. वाडगा व्हायचा तो उथळ झाला, बशीच्या वरचा आणि वाडग्याच्या खालचा. काचकागदाने घासून जवसाचं तेल लावलं, तेव्हा पिवळं लाकूड मधासारखं गडद झालं आणि भेगेतलं पितळ नागमोडी रेषेसारखं चमकलं. बाबांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि एकच दोष काढला, की बूड किंचित तिरकं आहे.

पोस्टातल्या बाईंनी वाडगा दोन्ही हातांत घेतला. पितळेच्या रेषेवरून अंगठा फिरवला. "मी केवढा मोठा सांगितला होता," त्या म्हणाल्या.

"लाकडाने एवढाच दिला," बाबा म्हणाले.

त्या हसल्या, मग त्यांना रडू आलं, मग पुन्हा हसल्या. आता तो त्यांच्या खिडकीत असतो. पाणी त्यात ठरत नाही, कुठूनतरी झिरपतं, म्हणून त्या त्यात दाणे टाकतात आणि कोणतं पाखरू आलं ते मला भाजीबाजारात गाठून सांगतात.

दुकान सकाळी दहा ते एक उघडं असतं. दोघं कामापेक्षा भांडतातच जास्त, आणि भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक कठड्यासाठी लाकडं घेऊन आलं. आईंनी ठोकून त्यांतली दोन लाकडं बाजूला काढली. तो चिडला. अख्खी लाकडं आहेत, वरून ओरखडाही नाही, बाईमाणसाला यातलं काय कळतं, म्हणाला. तो भरपूर मोठ्यांदा बोलत असल्यामुळे बाबांना सगळं ऐकू गेलं.

"हे बघा," बाबा म्हणाले, "त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. दुसरी आणा, नाहीतर दुसरा कातारी बघा."

तो पुटपुटत गेला. तासाभराने दोन नवी लाकडं घेऊन परत आला.