मेणबत्तीजवळची फुलं

रिगा शहरात हिवाळ्यात फुलवाल्या बायका काचेच्या पेटीत फुलं ठेवतात आणि ती गारठू नयेत म्हणून आत मेणबत्ती लावतात. मला त्या फुलांचा हेवाच वाटायचा. पलीकडे दाउगावा नदी गोठलेली होती आणि तिच्या बर्फाला भोक पाडून मासे धरणारी माणसंसुद्धा एकमेकांपासून लांब लांब बसली होती. इथे येऊन कित्येक महिने झाले, पण मला नावानं हाक मारेल असं कुणी नव्हतं.

खोलीत ठेवायला एक फूल घ्यावं म्हणून थांबलो. मग वाटलं, ते तरी एकटं कशाला? आपल्याकडे जोडी शुभ. दोन मागितली.

फुलवाल्या आजींचा चेहरा उतरला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी हळूच विचारलं, "घरातलं कोण गेलं?"

तेव्हा आठवलं, इथे सम संख्येनं फुलं वाहतात ती मेलेल्या माणसाला. जिवंताला विषम.

हातमोजा काढून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मेणबत्तीजवळचा तो हात चांगलाच उबदार होता. कुणीही गेलेलं नाही, हे सांगायला मी जरा उशीरच केला.