काजूकाका आणि बोटीचा माल

काजूकाकांना सत्यनारायणाच्या पूजेला बोलावणं म्हणजे यजमानाची परीक्षाच. शिरा हातात पडला की ते आधी त्यातले काजू वेचत, वास घेत आणि भर घरात निकाल देत, "ह्यो बोटीचो माल!" म्हणजे परदेशातून आलेला. मग ते काजू रुमालात बांधून गॅलरीतल्या कावळ्यांना घालत. कावळे मिटक्या मारत खात.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्यांना हे नाव पडलं, कारण मालवणजवळच्या त्यांच्या गावी धाकट्या भावाचा, बाबलचा, काजूचा कारखाना होता. निवृत्तीनंतर काका तिथले काजू आणून घरोघर विकत. विकण्यापेक्षा मिरवण्याचीच हौस जास्त. "आमच्या लाल मातीचो वास येता की नाय?" असं विचारत आणि समोरचा "येतो" म्हणेपर्यंत दारातून हलत नसत.

एकदा आई वैतागली. "काका, तुमचे काजू इतके महाग, की मी खिरीत मोजून घालते. बाजारातले बोटीचे स्वस्त, ते पोरं मूठमूठ खातात. आम्ही काय नुसता वासच घ्यायचा?" काका आठवडाभर आमच्या दारावरून मान वळवून गेले.

पुढे दिवाळीत बाबल मुंबईला आला आणि नेमका आमच्या पूजेला बसला. काकांनी नेहमीप्रमाणे निकाल दिला. बाबलला हसू आवरेना.

"दादा, पुरे कर. दिवाळीत झाडार काजू लागतत काय? आपलो मिरगाच्या पावसापर्यंत संपता. मगे आफ्रिकेच्या गोणी बोटीन येतत, म्हणान कारखानो चलता. नायतर काजू फोडणाऱ्या बायांनी खय जावचा?"

"म्हणजे मी विकलंय तो?"

"अर्धो बोटीचो."

सगळी खोली खो खो हसली. काका हसले नाहीत. गावाच्या नावावर त्यांनी घराघरांत जो मान मिळवला होता, तोच जायची वेळ आली होती. आता कोण त्यांना दारात उभं करणार? मला त्यांचं फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी काका गेले. मला ते आठवतात ते त्या पूजेच्या दुसऱ्या दिवशीचे. इस्त्रीचा शर्ट घालून ते एकेक दार वाजवत होते. आमच्या दारात पुडी पुढे करून, खाली बघत म्हणाले, "वहिनी, काजू आफ्रिकेचो. फोडलेलो आमच्या बायांनी. होयो असलो तर घेवा."

"मग भाव बाजाराचा लावणार ना?" आईने विचारलं.

काकांची मान झटकन वर आली. "भाव आमच्या गावचोच!"

आई हसत सुटली आणि तिने दोन पुड्या घेतल्या.