रविवारचा मंगळवार

माझ्या थोरल्या साडूंनी 'काहून?' असे विचारल्याखेरीज या जगातील एकही गोष्ट मान्य केलेली नाही. 'काहून' म्हणजे 'का', हे खरे. परंतु आपल्या 'का'मध्ये नुसती जिज्ञासा असते, त्यांच्या 'काहून'मध्ये कोर्टाचे समन्स असते. त्यांचे घराणे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरच्या पुरानी बस्तीत नांदत आले आहे, आणि एवढ्या पिढ्यांत कुणीच न विचारलेले प्रश्न आपल्यासाठी राखून ठेवलेले आहेत, अशी त्यांची समजूत असावी. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत, प्रसादाचा शिरा शेवटीच काहून, या मुद्द्यावर त्यांनी गुरुजींना एवढा वेळ अडवले की शिरा खरोखरच सर्वांच्या शेवटी, म्हणजे पाहुणे उठून गेल्यावर वाटला गेला. गोल बाजारातील शिंप्याला त्यांनी विचारले, "जेब बायीं तरफ ही काहून?" हिंदी बोलतानाही त्यांचा 'काहून' मराठीच राहतो. शिंपी म्हणाला, सगळ्यांचा तिकडेच असतो. म्हणून साडूंनी आपल्या नव्या सदऱ्यांचे खिसे उजवीकडे शिवून घेतले. उजव्या हाताने उजव्या खिशातले पेन काढणे किती जिकिरीचे आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. तरीही ते सदरे त्यांनी फाटेपर्यंत वापरले, आणि सही करण्याची वेळ आली की कोंबडीने पंख उचलावा तसा त्यांचा कोपर वर जात असे.

त्या सुमारास राज्य नवे झाले आणि रायपूर राजधानी. आदल्या दिवसापर्यंत जे जे जिल्ह्याचे होते ते ते एका दिवसात राज्याचे झाले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, साहेब वाढले, आणि आमच्या घराजवळच्या मैदानावर मुलामुलींना धावायला शिकवणारे 'सर' एकाएकी 'बड़े सर' झाले. मला डॉक्टरांनी सकाळी फिरायला सांगितले होते. एकट्याने मैदानात शिरण्याचे धैर्य मजजवळ नसल्याने मी साडूंना सोबत नेऊ लागलो. पाटबंधारे खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांचे प्रश्न बेकार बसले होते. मी फेऱ्या मारीत असे, ते पायरीवर बसून पाहत. स्वतः ते आयुष्यात बसच्या मागेदेखील धावलेले नाहीत. बसला थांबायचे नसेल तर आपण काहून धावावे, असे त्यांचे म्हणणे.

बड़े सरांचे शास्त्र मोठे सुटसुटीत होते. सरावात पाणी प्यायचे नाही, पोटात कळ आली तर आणखी एक फेरी, आणि शर्यत जवळ आली की सराव दुप्पट. त्यांचे गुरू असेच करीत आणि गुरूंचे गुरूही असेच करीत, एवढा पुरावा त्यांना पुरेसा वाटे. साडूंनी पहिला 'काहून' पाण्याला विचारला. "पेट भारी होता है, बाबूजी," बड़े सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडू सायकलच्या कॅरिअरला माठ बांधून आले. मुली लपूनछपून पाणी पिऊ लागल्या, आणि महिनाभरात एकीचेही पोट जड झाल्याचे ऐकिवात आले नाही. बड़े सरांनी माठाकडे न पाहण्याचा मार्ग स्वीकारला.

त्या मुलींत शहराच्या टोकाच्या भनपुरीची एक होती. तिचे वडील ट्रकांची दुरुस्ती करीत. ती तेवढ्या लांबून सायकल मारीत येई, पंधराशे मीटर धावे आणि सायकलवरच परत जाई. वडिलांनी तिला एकच वर्ष दिले होते: राज्याच्या संघात नाव लागले तर धावणे चालू, नाही तर काकूच्या सोबतीने पोहा मिलमध्ये पाकिटे भरायला जायचे. तीन महिने पायरीवर बसून साडूंनी तिच्याविषयी एक शोध लावला.

"भाऊ, ही पोट्टी मंगळवारीच काहून उडून राहिली?"

माझ्या मनगटी घड्याळात सेकंद मोजण्याची कळ होती; तिचा उपयोग मी तोवर अंडी उकडण्यापलीकडे केला नव्हता. मी ती दाबून पाहू लागलो. साडूंचे म्हणणे खरे होते; मंगळवारी ती पंधराशे मीटर इतर कोणत्याही वारापेक्षा कमी वेळात पुरे करीत होती. बड़े सरांनाही हे ठाऊक होते. "बजरंगबली का दिन है," ते भक्तिभावाने म्हणाले.

"और सोमवार को मैदान बंद रहता है, वो किसका दिन है?" साडूंनी विचारले.

एवढ्या साध्या गोष्टीकडे कुणाचेच लक्ष गेले नव्हते. सोमवारी मुलगी विश्रांती घेई, मंगळवारी तिचे पाय मोकळे होत, आणि श्रेय मारुतीला मिळे. राज्याच्या संघाची निवड चाचणी मात्र रविवारी होती. म्हणजे आठवडाभर दुप्पट रगडून निघालेली मुलगी त्या दिवशी धावणार. साडूंनी जाहीर केले, "रविवारचा मंगळवार कराले पाहिजे." सराव दुप्पट, म्हणून विश्रांतीही दुप्पट: शुक्रवारी आणि शनिवारी तिने काहीही करायचे नाही, एवढाच त्याचा विधी होता.

बड़े सर प्रथमच संतापले. "आप कभी दौड़े हैं, बाबूजी?"

"नहीं दौड़ा, इसीलिए तो दिखा. दौड़नेवाले को दिखता कहाँ है!"

"दो दिन नहीं आयी, तो सोमवार के बाद भी न आये," बड़े सर म्हणाले, आणि पाठ फिरवून शिट्टी वाजवू लागले.

आता मला भीती वाटू लागली. आपण चुकलो तर आपले काय जाणार? जायचे ते तिचे वर्ष. मी हे चाचरत बोलून दाखवले, तेव्हा साडू पायरीवरून उठले आणि म्हणाले, "चला भनपुरीले. जिचं वर्ष आहे तिले तर विचारू."

मुलीचे वडील ट्रकखालून बाहेर आले, हात पुशीत त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दौड़ की परीक्षा में सोने से कौन पास होता है, भैया?"

"पास होगी, ऐसा मैं नहीं बोल रहा," साडू म्हणाले. असे म्हणणारा सल्लागार मी तोवर पाहिला नव्हता, आणि मुलीच्या वडिलांनीही पाहिला नसावा. शेवटी दारात उभी असलेली ती मुलगीच बोलली, "मंगल के दिन मोर गोड़ हरू लागथे, कका." मंगळवारी पाय हलके वाटतात, एवढेच ती म्हणाली. मग क्षणभर वडिलांकडे पाहून तिने स्वतःच निकाल दिला, "मैं सुतहूँ." मी झोपणार.

ते दोन दिवस ती मुलगी शांत झोपली. झोपले नाहीत ते साडू. शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो, तर ते अंगणात येरझारा घालीत होते. माझ्या मेहुणीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "पोट्टी आराम करून राहिली अन् तिच्या वाटणीचं हे धावून राहिले. कालपासून धड जेवले नाही. तुमचं ऐकत असतील तर सांगा न जी." माझे कुणीही ऐकत नाही, हे त्या माउलीला ठाऊक नव्हते.

रविवारी पहिल्या दोघींची निवड व्हायची होती. सुरुवातीची शिट्टी झाली, मी घड्याळाची कळ दाबली. शेवटच्या फेरीपर्यंत ती चौथी होती. शेवटच्या वळणावर तिने एकीला मागे टाकले, आणि सरळ पट्ट्यात ती दुसरीच्या खांद्याशी आली, तेव्हा मैदानात कुणीतरी मोठमोठ्याने ओरडू लागले. तो मी होतो, हे मला घसा दुखू लागल्यावर कळले. ती एका खांद्याने पुढे गेली आणि दुसरी आली. निवड झाली.

बड़े सर जवळ आले. "प्रैक्टिस करती, तो पहली आती," ते म्हणाले. साडूंच्या तोंडून आता काय निघते, या आशेने भोवती पाचपंचवीस माणसे जमली. साडूंनी थोडा विचार केला.

"हो सकता है," ते म्हणाले. जमलेल्या मंडळींची मोठीच निराशा झाली.

परतताना स्कूटर साडू चालवीत होते; मागे बसून मी त्यांना विचारले, "तुमची तर खात्री होती ना?"

"खात्री? मले काहून खात्री राहीन? आरामानं दुसरी आली का आराम करूनही दुसरी आली, कोनाले मालूम? तुमच्या घड्याळात किती आलं, ते सांगा. त्याच्यावरून काही समजन."

मी घड्याळाकडे पाहिले. आकडे अजून धावत होते. ओरडण्याच्या भरात कळ पुन्हा दाबायची मी विसरलो होतो. नव्या राज्याकडे तेव्हा पाट्या होत्या, वेळ मोजण्याची यंत्रे यायची होती; चाचणीत केवळ क्रमांक लिहून घेतले होते. हे कबूल करण्याची मला इतकी लाज वाटली, की मी म्हणालो, "मंगळवारपेक्षा दोन सेकंद कमी." स्कूटर किंचित डगमगली. त्या दिवशी साडू जेवले, असे मेहुणीने सांगितले.

ही वार्ता त्यांनी बड़े सरांच्या कानी घातली. बड़े सर प्रामाणिक गृहस्थ निघाले. दोन सेकंदांनी त्यांना विचारात पाडले. पुढच्या हंगामात मैदानावर फलक लागला: 'प्रतियोगिता के पूर्व दो दिन पूर्ण विश्राम अनिवार्य.' नव्या राज्याच्या राजधानीत विश्रांतीचे शास्त्र अशा रीतीने माझ्या एका खोट्यावर उभे राहिले. फलक वाचून साडूंना आनंद होईल, अशी माझी कल्पना होती. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "सगळ्यांले? काहून? एका पोट्टीच्या एका रविवारवरून?" आरामाने जिचे पाय जड होतात अशी एक मुलगी त्यांनी आठवडाभरात शोधून काढली, आणि तिला शनिवारी धावू द्यावे म्हणून बड़े सरांशी भांडण मांडले. बड़े सर डोके धरून पायरीवर बसले, तेव्हा साडूंनी त्यांना माठातले पाणी दिले. ते पाणी बड़े सर प्यायले.

भनपुरीची ती मुलगी पुढे खेळाडू म्हणून रेल्वेत लागली. आता ती दूरच्या एका गावी लहान मुलांना धावायला शिकवते, आणि प्रत्येकाचा मंगळवार वेगळा असतो, असे त्यांना सांगते म्हणे. साडूंच्या गुडघ्यांनी अलीकडे साथ सोडली आहे. डॉक्टरांनी आराम सांगितला, त्यावर दवाखान्यात 'काहून'चे मोठे प्रकरण झाले आणि अखेर ते खाटेवर आले. मी दर मंगळवारी त्यांच्याकडे जातो. इकडचे तिकडचे बोलून झाले की ते छताकडे पाहत हळूच म्हणतात, "भाऊ, प्रॅक्टिस केली असती तर पोट्टी पहिली आली असती का हो?" मी त्यांची उशी सारखी करतो. मग ते विचारतात, "घड्याळात किती आलं होतं त्या दिवशी?"

या वेळी त्यांनी आकड्याला 'काहून' विचारले, तर सगळे सांगून टाकायचे, असे ठरवूनच मी घरून निघालेला असतो. मी म्हणतो, "दोन सेकंद कमी." आणि थांबतो. ते माझ्याकडे पाहतात, आवश्यकतेपेक्षा थोडा अधिक वेळ पाहतात.

"बरं," ते म्हणतात, आणि डोळे मिटून घेतात.