बादलची शर्यत आणि माझी हार्ड डिस्क

हार्ड डिस्क मी वजन बघून घेतली.

लोणावळ्याच्या दुकानात समोर दोन ठेवल्या होत्या. एक बिस्किटाएवढी, हलकी, वेगवान आणि महाग. दुसरी जाडजूड, स्वस्त आणि पहिलीच्या चौपट साठवणारी! मी दोन्ही तळहातांवर तोलल्या (कलिंगडं असती तर टिचक्याही मारल्या असत्या!) आणि जाडीला पसंती दिली.

"अहो, फोर-के व्हिडिओ एडिट करायचाय ना?" माझी बायको वैशाली म्हणाली. "त्याला वेग लागतो. ही अडकत अडकत चालेल."

"वस्तू कशी हातात भरली पाहिजे!" मी म्हणालो. माझी पदवी इतिहासाची आहे. आत्मविश्वास मात्र सगळ्या विषयांतला.

व्हिडिओ साधासुधा नव्हता. कामशेतजवळ शेती करणारे माझे सासरे, आबा, यांचा बैल बादल यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत वाऱ्यासारखा पळाला होता आणि मी ते नव्या कॅमेऱ्यात टिपलं होतं. शेजारच्या गावचे नामांकित गाडामालक भाऊ त्या दिवशी नेमके आजारी होते. बादलला आपल्या गाड्याला जुंपायचा की नाही, हे ते माझा व्हिडिओ बघून ठरवणार होते. आबांनी चार दिवस आधीपासून गावभर सांगून ठेवलं होतं, "आमचं जावई शिनेमा दावनारैत!"

एडिटिंग काही पुरं झालं नाही. त्या डिस्कवरून एक तुकडा उघडेपर्यंत माझा एक चहा पिऊन व्हायचा! शेवटी रविवारी आबांच्या अंगणात भाऊ आणि गावकरी जमले, तेव्हा टेबलावर लॅपटॉप मांडला, डिस्क जोडली आणि तसाच व्हिडिओ लावला.

बादलने झेप घेतली. आणि तो हवेतच राहिला!

सगळे थांबले. बादलही थांबला. मग एकदम दहा हात पुढे गेला आणि पुन्हा उभा!

"आबा," भाऊ म्हणाले, "बैल पळतोय का इचार करतोय?"

"पळतोय वो! पावनं, पळवा की त्याला!"

"आबा, डिस्कवर लोड आलाय."

"लोड? आरं, त्यो एकटा चार बैलांचा लोड वढतोय!"

घाबरून मी भलतंच बटण दाबलं. बादल मागे सरकायला लागला.

"ह्यो तर घरी निघाला!" भाऊ उठलेच.

आता आबांची अब्रू माझ्या हातात होती. चित्र जमत नाही तर निदान आवाज ऐकवू, म्हणून मी आवाज पूर्ण वाढवला. शर्यत सुटताना बैलांना पळवणारा पुकारा दणाणला, "झाली, झाली, झालीऽऽ! भिर्रर्र!"

गोठ्यात बांधलेल्या खऱ्या बादलने तो ऐकला.

दावं तुटल्याचा आवाज आला. मी लॅपटॉप काखेत मारला आणि पळालो. लॅपटॉप ओरडतोय, मागे वायरीला लोंबणारी वजनदार डिस्क गुडघ्यावर आपटतेय, त्यामागे बादल!

"अहो, बंद करा ना ते!" वैशाली किंचाळली.

(पळत्या माणसाला बटण सापडत नाही. करून बघा!)

गोठ्याला दोन फेऱ्या झाल्यावर वायर निसटली. डिस्क शेणात पडली, आवाज थांबला आणि बादलही थांबला. तोवर मी भाताच्या पेंढ्याच्या गंजीवर चढलो होतो. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. बादल खाली शांतपणे पेंढा खात होता.

"आबा, बैल लय झ्याक!" भाऊ खुशीत ओरडले. "ठरलं, माज्या गाड्याला ह्योच!" मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "आन् ह्यांनाबी घेऊन या. गाड्याच्या फुडं पळायला आमाला घोडी लागती. पन बादलच्या फुडं इतकं जोरात पळताना मी अजून एकबी घोडी पाह्यली न्हाई!"

आबांनी गंजीकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. पण माझ्याबद्दलचा अभिमान त्यांच्या नजरेत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.