वरपित्याचा रुसवा

लंडनजवळच्या स्लाऊ गावच्या कमलाकर टिपणीसांना आपण घरातले कर्ते पुरुष आहोत याची फार मोठी घमेंड होती. करत मात्र काहीच नसत. सगळं सुप्रभाताई करत आणि कमलाकर त्यावर मान डोलवत.

मुलगा पुष्कर ब्रिस्टलला इंजिनिअर. त्याने तिथेच भेटलेली मोसा नावाची मुलगी पसंत केली. तिचं गाव आफ्रिकेतल्या एका डोंगराळ मुलखात. तिथे गादीवर राणी, तिच्यामागे तिची लेक, आणि गावोगावचा कारभारही बायकांच्याच हाती. ऐकून कमलाकर खो खो हसले.

"मग पुरुष काय, भांडी घासतात?"

"घासतात की," पुष्कर म्हणाला. "मीपण घासतो, बाबा."

लग्न इथेच लंडनला, वेम्बलीत, आपल्या पद्धतीने आणि वरपक्षाचा मान राखूनच होणार, हा कमलाकरांचा हट्ट. बोलणी करायला मोसाची मावशी आली. कमलाकर कोट चढवून सोफ्याच्या मधोमध बसले. पण मावशी बोलायची ती सुप्रभाताईंशी, आणि मोसा त्याचं इंग्लिश करून सांगायची. मावशीला लग्न गावी, राणीसमोर हवं होतं.

वरपित्याला कोणी विचारेना. कमलाकरांना आठवलं, त्यांच्या लग्नात वडील एका शालीवरून रुसले होते आणि अख्खं कार्यालय त्यांच्या विनवण्या करत होतं. ते तडक उठले, जिना चढले आणि मनधरणीला येणाऱ्यांना अडचण नको म्हणून दार किलकिलं ठेवून पलंगावर बसले.

कोणी आलं नाही. खालून हसणं ऐकू आलं, मग टाळ्या. शेवटी भूक लागली तेव्हा स्वारी आपली आपण खाली उतरली. मावशी निघाली होती. तिने जाताना त्यांना अगदी वाकून नमस्कार केला.

"काय ठरलं?" कमलाकरांनी विचारलं.

"लग्न मोसाच्या गावी," सुप्रभाताई म्हणाल्या. "अहो, त्यांच्यात पुरुष बैठकीतून उठून गेला की त्याचा होकार धरतात. मावशी म्हणाली, तुमचे मिस्टर फार समंजस आहेत."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मग काय सांगू, रुसलेत म्हणून? मोसा म्हणत होती, बाबांना बोलावते. मीच म्हटलं, राहू दे."

पुन्हा वर जाऊन बसावं असं कमलाकरांच्या मनात आलं. पण न जाणो, आणखी एखादा होकार व्हायचा.

पुढच्या रविवारी मंडळात ते सांगत होते, "मीच म्हटलं, होऊन जाऊ दे तिकडे. आपण जुन्या विचारांचे नाही." लोकांनी माना डोलावल्या. सुप्रभाताईंचे फोन निम्म्या घरांत आधीच झाले होते.